नराचं ऑपरेशन: करायचं का, कधी आणि कशासाठी

पिल्लू आठ-नऊ महिन्यांचं होतं, खांब दिसला की पाय वर करायला लागतं, आलेल्या पाहुण्यांच्या पायाला मिठी मारून नको ते चाळे करतं, आणि घरात विषय निघतो: याचं ऑपरेशन करून टाकायचं का? सल्ल्यांना तोटा नसतो. संध्याकाळी फिरायला येणारे लॅबवाले काका सांगतात, एकदा तरी मेटिंग होऊ द्या, नाहीतर तो चिडका होतो. इंटरनेट सांगतं, सहा महिने झाले की उरकून घ्या. ब्रीडर सांगतो, अजिबात करू नका, कुत्रा ढेपाळतो. घरातलं एखादं वडीलधारं माणूस म्हणतं, मुक्या जनावराचं एवढं एकच सुख, तेही काढून घ्यायचं? यातला कोणीही कुत्र्याचं वय काय, वजन किती, घराला कुंपण आहे का, हे विचारत नाही. उत्तर मात्र प्रत्येकाकडे तयार असतं.

मादीच्या बाबतीत हा निर्णय तुलनेने सोपा आहे. ऑपरेशन न झालेल्या मादीला उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा मोठा धोका असतो आणि तो जिवावर बेतू शकतो. स्तनांच्या गाठींचा धोकाही प्रत्येक माजागणिक वाढतो. शिवाय पिल्लं तिलाच होणार. तिथे उशीर महागात पडतो. नराचं गणित वेगळं आहे. त्याचं ऑपरेशन वर्षभर पुढे ढकललं म्हणून सहसा काही बिघडत नाही, पण घाईने केलेलं ऑपरेशन परत फिरवता येत नाही. म्हणून नराच्या बाबतीत ‘करायचं का’ याच्या आधी ‘कशासाठी करायचं’ हे विचारावं लागतं. त्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं, तर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

शरीरात काय बदलतं

या ऑपरेशनात दोन्ही वृषण काढून टाकतात. वृषणांची कामं दोन: शुक्राणू तयार करणं आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बनवणं. ऑपरेशननंतर काही तासांतच रक्तातलं टेस्टोस्टेरॉन झपाट्याने खाली येतं. वागणं मात्र त्या वेगाने बदलत नाही. काही कुत्र्यांत आठवड्याभरात फरक जाणवतो, काहींत काही महिने जातात. आणि टाके निघाले म्हणजे कुत्रा लगेच निर्धोक झाला असंही नाही. वाटेतल्या नलिकांमध्ये शुक्राणू काही दिवस शिल्लक राहतात, म्हणून पुढचा महिना-दीड महिना त्याला माजावर आलेल्या मादीपासून दूरच ठेवावं लागतं.

टेस्टोस्टेरॉनचं काम मादीच्या मागे धावण्यापुरतं नसतं. स्नायू भरणं, चयापचयाचा वेग, प्रोस्टेट ग्रंथीची वाढ आणि हाडांची लांबी थांबवणं, या सगळ्यांत त्याचा हात असतो. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांना कूर्चेच्या पट्ट्या असतात आणि हाड तिथून वाढतं. वयात येताना लैंगिक संप्रेरकांच्या प्रभावाने या पट्ट्या बंद होतात आणि वाढ थांबते. वृषण त्याआधीच काढले, तर पट्ट्या जास्त काळ उघड्या राहतात, पाय थोडे जास्त लांब होतात आणि सांध्यांची ठेवण किंचित बदलते.

शेतकऱ्याला हे नवीन नाही. खोंड खच्ची करायचा असला तरी तो लहानपणीच करत नाहीत. मान, खांदा, वशिंड भरेपर्यंत, साधारण दोन-तीन वर्षांचा होईपर्यंत थांबतात, कारण लवकर खच्ची केलेला बैल उंच होतो पण अंगाने भरत नाही आणि औताला कमी पडतो. जनावर घडल्याशिवाय हात लावायचा नाही, ही समज गोठ्यात पूर्वीपासून आहे. कुत्र्यांच्या बाबतीत तीच गोष्ट आकड्यांनिशी मांडली गेली ती गेल्या दहा-बारा वर्षांत.

स्वभाव: काय जातं, काय राहतं

बहुतेक मालक ऑपरेशनचा विचार करतात तो स्वभावासाठी. ‘शांत होईल’ ही सर्वांत मोठी अपेक्षा, आणि सर्वांत जास्त निराशा तिथेच होते.

काय कमी होतं ते आधी पाहू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक शाळेत बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये या विषयावरचा एक सुरुवातीचा अभ्यास छापला. मादीच्या शोधात घर सोडून भटकणं दहापैकी सुमारे नऊ कुत्र्यांत कमी झालं. माणसांवर चढणं साधारण दोन तृतीयांश कुत्र्यांत, इतर नरांशी भांडणं सुमारे 60 टक्क्यांत आणि घरात जागोजागी मुतून खुणा करणं निम्म्या कुत्र्यांत कमी झालं. याच गटाने 1997 मध्ये 57 नरांवर दुसरा अभ्यास केला. भटकणं, चढणं आणि मुतून खुणा करणं या तीन सवयींत ऑपरेशनचा उपयोग सर्वांत जास्त दिसला. आक्रमकपणात ठळक सुधारणा झालेले कुत्रे मात्र एक तृतीयांशाहूनही कमी निघाले. आणखी एक उपयोगी गोष्ट त्यात कळली: ऑपरेशनच्या वेळी कुत्र्याचं वय किती होतं किंवा ती सवय किती जुनी होती, याने परिणामात फरक पडला नाही. ‘आता सवय लागली, आता करून उपयोग नाही’ किंवा ‘सवय लागायच्या आतच केलं पाहिजे’, या दोन्ही समजुतींना त्यामुळे फारसा आधार उरत नाही.

भटकणं म्हणजे नेमकं काय, हे आपल्याकडे पावसाळ्याच्या अखेरीस कळतं. मराठीत भाद्रपद आणि कुत्रे यांची जोडी उगाच लागलेली नाही. भारतातल्या रस्त्यावरच्या माद्या बहुतांशी पावसाळा सरताना माजावर येतात आणि थंडीत पिल्लं होतात. नराला असा हंगाम नसतो, तो बारा महिने तयार असतो. मादीचा वास आला की तो चालू होतो. या दिवसांत घरातला नर ताटलीला तोंड लावत नाही. दारापाशी बसून पहाटे तीनला कण्हतो. फिरायला नेलं की एकाच जागी नाक खुपसून उभा राहतो, ती जागा चाटतो, दात कटकट वाजवतो, तोंडाला फेस येतो आणि पट्टा ओढला तरी हलत नाही. फाटक उघडं राहिलं तर तो गेलाच. वाहनाची धडक, सात-आठ नरांच्या टोळीत झालेली चावाचावी, दोन-तीन दिवस बेपत्ता होणं, हे सगळं याच दिवसांतलं. तुमची तक्रार ही असेल, तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे.

आता काय जात नाही ते. पाहुण्यांवर धावून जाणं, दाराची घंटा वाजली की भुंकणं, फटाक्यांनी थरथरणं, एकटं ठेवल्यावर सोफा फाडणं, पट्टा ओढणं, यांचा टेस्टोस्टेरॉनशी संबंध नसतो किंवा नावापुरता असतो. कुत्रा भीतीपोटी चावत असेल, तर ऑपरेशन त्याची भीती काढत नाही. अलीकडे हजारो मालकांच्या प्रश्नावल्यांवरून झालेल्या पाहण्यांत तर असं दिसलं, की लहान वयात ऑपरेशन झालेल्या नरांमध्ये भित्रेपणा थोडा जास्तच आढळतो. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही; जे कुत्रे आधीच त्रासदायक होते त्यांचंच ऑपरेशन लवकर झालं असेल, हेही शक्य आहे. तरीही भित्र्या, बुजऱ्या पिल्लाचं ‘जरा सुधारेल’ म्हणून ऑपरेशन करू नये, एवढा बोध त्यातून नक्की घेता येतो. त्या पिल्लाला शिकवणीची आणि धीराची गरज असते.

चढण्याबद्दल थोडं. ते दर वेळी लैंगिक नसतंच. पाहुणे आले, खेळ रंगला, ताण आला की कुत्रे चढतात. माद्याही चढतात, ऑपरेशन झालेले नरही चढतात. दीड वर्षाच्या धसमुसळ्या लॅबला ऑपरेशनची गरज आहे की रोज तासभर पळवण्याची, याचं उत्तर तो केव्हा चढतो हे आठवडाभर लक्षपूर्वक पाहिलं तर मिळतं.

आणि मेटिंग? ‘एकदा तरी होऊ द्या’ याला शरीरशास्त्रात कसलाही आधार नाही. एकदा मेटिंग झालं म्हणून नर शांत होत नाही. उलट काही नर त्यानंतर जास्तच अधीर होतात. जन्मलेल्या पिल्लांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरतोच. कुत्र्यांची पैदास आणि विक्री करणाऱ्यांसाठी आपल्याकडे 2017 चे केंद्रीय नियम आहेत आणि त्यांत नोंदणी सक्तीची आहे. ‘आमच्या कुत्र्याचा स्टड म्हणून वापर करू, दोन पैसेही सुटतील’ असा बेत असेल, तर ते नियम आधी वाचावेत.

रोगांचा ताळेबंद

ऑपरेशनाने आयुष्य वाढतं, असं सर्रास सांगितलं जातं. जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय रुग्णालयांमधल्या 40,139 कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या. ऑपरेशन न झालेले कुत्रे सरासरी 7.9 व्या वर्षी, तर झालेले 9.4 व्या वर्षी गेले होते. मात्र हा आकडा वाचताना सावध राहावं लागतं. ज्या घरात ऑपरेशन होतं, त्या घरात सहसा लसी, खाणं आणि डॉक्टरही वेळेवर होतात. ऑपरेशन न झालेले कुत्रे संसर्गाने आणि अपघाताने जास्त मेले, झालेले कुत्रे कॅन्सरने आणि प्रतिकारशक्तीच्या विकारांनी जास्त मेले. म्हणजे ऑपरेशनाने मृत्यूची कारणं बदलली, असं म्हणणं अधिक खरं.

ऑपरेशनच्या बाजूने जमा होणारे रोग असे. प्रोस्टेटची वाढ ही पहिली. पाच-सहा वर्षांपुढच्या बहुसंख्य अखंड, म्हणजे ऑपरेशन न झालेल्या, नरांची प्रोस्टेट वाढलेली असते. अनेकांना काही त्रास होत नाही. ज्यांना होतो, त्यांना शौचाला कुंथावं लागतं, शी चपटी पट्टीसारखी येते, कधी लिंगातून रक्ताचे थेंब पडतात. ऑपरेशन केलं की ही ग्रंथी काही आठवड्यांत निम्म्यावर येते. म्हणजेच हा त्रास झाल्यावरही ऑपरेशन हा उपाय हाताशी असतो. तो होऊ नये म्हणून पहिल्या वर्षीच करण्याची सक्ती नाही. गुदद्वाराभोवतीच्या काही गाठी आणि त्या भागातला हर्निया हेही म्हाताऱ्या अखंड नरांचे विकार. वृषणाचा कॅन्सर ऑपरेशनाने अर्थातच टळतो, पण खाली उतरलेल्या वृषणातल्या गाठी सहसा शरीरभर पसरत नाहीत, आणि दर महिन्याला हात लावून पाहण्याची सवय असेल तर लवकर सापडतात.

इथे एक मोठा अपवाद आहे. पिल्लाचे दोन्ही वृषण साधारण दोन महिन्यांच्या वयापर्यंत पिशवीत उतरलेले असतात. लसीसाठी नेलं की डॉक्टरांना तपासायला सांगा. बोटांनी चाचपून कळतं. सहा महिन्यांनंतरही एक वृषण पोटात किंवा जांघेत अडकलेलं असेल, तर ते आपणहून उतरण्याची आशा सोडावी. आतल्या उष्णतेत राहिलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका दहा पटींहून जास्त असतो. त्यातल्या एका प्रकारच्या गाठी स्त्री-संप्रेरक बनवतात: नराची स्तनं सुजतात, केस झडतात, इतर नर त्याच्या मागे लागतात आणि अस्थिमज्जा दबून रक्त कमी होऊ शकतं. अशा कुत्र्याचं ऑपरेशन करायचं की नाही, हा वादाचा विषयच नाही. आणि हा दोष आनुवंशिक असल्याने त्याची पैदासही करायची नाही.

भारतात आणखी एक रोग हिशेबात धरावा लागतो, ज्याचा उल्लेख परदेशी पुस्तकांत ओझरता असतो. मेटिंगमधून पसरणारी गाठ, म्हणजे टीव्हीटी. यात विषाणू नसतो. कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर रुजतात. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याच्या शरीरात सुरू झालेली ही पेशींची वंशावळ आजही जगभर फिरते आहे. लिंगावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लालसर, रक्त ठिबकणारी वाढ हे तिचं लक्षण. हुंगण्या-चाटण्यातून ती नाकातही होते. व्हिनक्रिस्टिनच्या दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी बहुतेक कुत्रे बरे होतात, पण उपचार आठवडे चालतो. रस्त्यावरच्या माद्यांपर्यंत पोचू शकणाऱ्या पाळीव नरासाठी हा खरा धोका आहे.

आता खर्चाची बाजू. प्रोस्टेटचा कॅन्सर दुर्मिळ आहे, पण ऑपरेशनाने तो टळत नाही. उलट ऑपरेशन झालेल्या नरांत तो जास्त दिसतो. काही जातींमध्ये हाडांचे आणि लसिकाग्रंथींचे कॅन्सर लवकर ऑपरेशन झालेल्यांत जास्त आढळले आहेत. आणि वजन. ऑपरेशननंतर अन्नाची गरज साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाने घटते, भूक मात्र वाढते. ‘ऑपरेशनाने कुत्रा सुटतो’ ही तक्रार खरी आहे, पण सुटतो तो ताटलीमुळे. चहाबरोबरची ग्लुकोज बिस्किटं, रात्रीची उरलेली चपाती, आजीच्या हातचा दहीभात, हे सगळं मोजून कमी केलं आणि महिन्यातून एकदा वजन केलं, तर तो सुटत नाही. बरगड्या दिसू नयेत, पण बोट फिरवलं की लागाव्यात, एवढा अंदाज घरच्या घरी पुरतो.

खरा प्रश्न वयाचा

2013 मध्ये डेव्हिसच्याच गटाने 759 गोल्डन रिट्रीव्हरांच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्या नरांपैकी 10 टक्क्यांना खुब्याच्या सांध्याचा विकार झाला. अखंड नरांच्या दुप्पट. लसिकाग्रंथींचा कॅन्सरही याच नरांत अखंड नरांच्या सुमारे तिप्पट होता. 2016 मध्ये जर्मन शेफर्डचे आकडे आले: अखंड नरांपैकी 7 टक्क्यांना सांध्याचा एखादा विकार, तर वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्यांपैकी 21 टक्क्यांना. 2020 मध्ये त्यांनी 35 जातींचा पट मांडला. पग, शिह त्झू यांसारख्या लहान जातींत सांध्यांवर असा परिणाम दिसला नाही. लॅब्रॅडॉर नराला किमान सहा महिने, गोल्डनला वर्ष, जर्मन शेफर्डला जवळजवळ दोन वर्षं होऊ द्यावीत, असं त्यातून निघालं. मिश्र जातींच्या कुत्र्यांचा त्यांनी वजनानुसार वेगळा अभ्यास केला. मोठेपणी 20 किलोंच्या आत राहणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला नाही, त्याहून जड कुत्र्यांत वर्षाच्या आत केलेल्या ऑपरेशनाने वाढलेला दिसला.

घरी वापरायचा नियम यातून सोपा होतो. मोठेपणी 20 किलोंच्या आत राहणाऱ्या नराच्या बाबतीत सांध्यांसाठी थांबण्याचं कारण नाही. त्याहून मोठ्यासाठी किमान वर्ष थांबा. जर्मन शेफर्ड, रॉटवायलर किंवा ग्रेट डेनसारखा धिप्पाड असेल, तर दीड-दोन वर्षं. आपले गावठी कुत्रे बहुतेक या 20 किलोंच्या आगेमागे असतात. नऊ महिन्यांचा असतानाच अठरा-एकोणीस किलोंचा झालेला रांगडा नर असेल, तर वर्ष होऊ देणं शहाणपणाचं.

मग सहा महिन्यांचा नियम आला कुठून? अमेरिकेत 1970 च्या दशकापासून प्राण्यांच्या निवाऱ्यांत बेवारस कुत्र्यांची रीघ लागली होती आणि लाखो कुत्र्यांना दरवर्षी मारून टाकावं लागत होतं. घरी न्यायला दिलेला प्रत्येक कुत्रा ऑपरेशन करूनच द्यायचा, आणि तो वयात यायच्या आत करायचा, ही त्या संकटावरची तोड होती. तिच्यामागे समाजाची सोय होती, त्या एका कुत्र्याच्या सांध्यांचा विचार नव्हता. नॉर्वेत याच्या नेमकं उलट आहे: तिथल्या प्राणिकल्याण कायद्यानुसार ठोस कारणाशिवाय निरोगी कुत्र्याचं हे ऑपरेशन करता येत नाही, आणि तरीही तिथे बेवारस पिल्लांचा पूर येत नाही, कारण कुत्रे पट्ट्यावर आणि मालकाच्या नजरेखाली असतात. दोन्ही देश आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांचा नियम मात्र जसाच्या तसा आपल्या घरात आणण्यात अर्थ नाही.

रस्त्यावरचा नर

वर जे थांबण्याचं सांगितलं, ते घरातल्या कुत्र्यासाठी. सोसायटीच्या फाटकाशी राहणारा, सगळ्यांच्या हातचं खाणारा नर या हिशेबात बसत नाही. त्याला थांबवून धरणारं कोणी नसतं. भारतात 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली 2001 मध्ये कुत्र्यांच्या प्रजनन नियंत्रणाचे नियम आले आणि 2023 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. पालिकेने किंवा तिने नेमलेल्या संस्थेने कुत्रा पकडायचा, ऑपरेशन आणि रेबीजची लस करायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि मूळ जागी सोडायचा, ही त्यातली पद्धत. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला खाच नसेल, तर त्याला पुढच्या मोहिमेत पाठवणं हे खाऊ घालण्याइतकंच महत्त्वाचं काम.

इथे एक गणित मात्र नीट लक्षात घ्यावं. संख्या कमी होते ती माद्यांच्या ऑपरेशनाने. वस्तीतल्या दहा नरांपैकी नऊंचं ऑपरेशन केलं, तरी उरलेला एक सगळ्या माद्यांना पुरतो. म्हणून ‘देशातली कुत्र्यांची संख्या कमी व्हावी’ हे आपल्या फ्लॅटमधल्या, कधीही पट्ट्याविना बाहेर न जाणाऱ्या नराच्या ऑपरेशनाचं कारण होऊ शकत नाही. रस्त्यावरच्या नराच्या ऑपरेशनाने त्याचं स्वतःचं भटकणं, भांडणं आणि टीव्हीटीचा धोका कमी होतो. तेवढं कारण त्याच्यासाठी पुरेसं आहे.

मधले मार्ग

नसबंदी, म्हणजे फक्त शुक्राणूंची नलिका बांधणं, कुत्र्यांतही करता येते. पिल्लं होत नाहीत, संप्रेरक मात्र तसंच राहतं. म्हणजे भटकणंही राहतं. दुसरा मार्ग डेस्लोरेलिन या औषधाचा. तांदळाच्या दाण्याएवढी कांडी मानेजवळ कातडीखाली बसवतात आणि सहा महिने किंवा वर्षभर टेस्टोस्टेरॉन बंद राहतं. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ते बरंच वापरतात. पहिले काही आठवडे संप्रेरक उलट वाढतं, हे आधी माहीत असलेलं बरं. याचा खरा उपयोग चाचणीसारखा होतो: सहा महिन्यांत स्वभाव बदलला तर ऑपरेशनाने काय मिळेल ते कळतं, नाही बदलला तर एक ऑपरेशन वाचतं. तुमच्याकडे ते मिळतं का, हे डॉक्टरांना विचारावं.

ऑपरेशनचा दिवस

शस्त्रक्रिया म्हणून हे काम लहान आहे. पिशवीच्या थोडं पुढे एकच छेद घेतात, दोन्ही वृषण एकेक करून त्या छेदाशी ढकलून आणतात, रक्तवाहिन्या बांधतात आणि वृषण काढतात. पिशवी तशीच राहते, रिकामी. सगळं अर्ध्या-पाऊण तासात होतं. जपायचं असतं ते भुलीला. म्हणून आधी रक्त तपासून घ्या, आणि आपल्या हवामानात प्लेटलेट्सचा आकडा आवर्जून पाहा. गोचिडांतून येणारा टिक फिवर अनेकदा वरून काही न दाखवता प्लेटलेट्स खाली आणतो, आणि अशा कुत्र्यावर शस्त्र चाललं तर रक्त थांबत नाही. आकडा कमी असेल तर आधी त्यावर उपचार, मग ऑपरेशन. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला भुलीतून पूर्ण बाहेर येईपर्यंत कोणीतरी शेजारी बसून पाहिलं पाहिजे. हे करतात का, ते दवाखान्यात आधीच विचारा.

घरी आल्यावर दहा ते चौदा दिवस गळ्यातला कोन काढायचा नाही, आंघोळ नाही, जिने आणि उड्या नाहीत. सर्वांत जास्त घोटाळे टाके चाटल्याने होतात. रिकाम्या पिशवीला थोडी सूज येते आणि ती उतरते. सूज वाढत गेली, जांभळी झाली किंवा रक्त ठिबकलं, तर सकाळची वाट पाहू नये.

आणि मानी बापांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत मिझुरीच्या ग्रेग मिलर यांनी 1990 च्या दशकात कुत्र्यांसाठी कृत्रिम वृषण बाजारात आणले, ऑपरेशननंतर पिशवी रिकामी दिसू नये म्हणून. 2005 मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेल हे विनोदी पारितोषिकही मिळालं. ती सोय कुत्र्यासाठी नव्हती. रिकामी पिशवी कुत्र्याला खुपत नाही, ती मालकाच्या डोळ्यांना खुपते. ऑपरेशन न करण्याची कारणं चांगली असू शकतात, पण पुरुषत्वाची काळजी त्यांत धरू नये.

निर्णय करताना

काही घरं डोळ्यांपुढे आणू. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरचा दीड वर्षाचा बीगल, पट्ट्यावर फिरणारा, कुठलीही तक्रार नाही: ऑपरेशनाची गरज नाही, थांबून काही हरवत नाही. त्याच वयाचा बीगल, पण घरात ऑपरेशन न झालेली मादीही आहे: दोघांपैकी एकाचं करावंच लागेल, आणि करायचंच तर आधी मादीचं. नाशिकजवळच्या मळ्यावरचा तीन वर्षांचा जर्मन शेफर्ड, दर भाद्रपदात कुंपण ओलांडून दोन दिवस बेपत्ता: करून टाका, वयही योग्य आहे. आठ महिन्यांचा गोल्डन, धसमुसळा, पट्टा ओढणारा: आता नको, शिकवणी लावा. पाहुण्यांना घाबरून गुरगुरणारा गावठी: आधी स्वभावाचा जाणकार गाठा. एक वृषण न उतरलेला लॅब: वर्षाचा झाला की करा, टाळू नका. नऊ वर्षांचा पॉमेरियन, कुंथतो आहे आणि रक्ताचे थेंब पडत आहेत: रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून, प्रोस्टेटच असेल तर या वयातही करा.

डॉक्टरांकडे जाताना कारण एका वाक्यात लिहून न्या. ‘तो पळून जातो’, ‘एक वृषण उतरलेलं नाही’, ‘घरात मादी आहे’ अशी वाक्यं असतील, तर पुढचं बोलणं सरळ होतं. ‘सगळे करतात’ किंवा ‘जरा शांत होईल’ एवढंच लिहिता आलं, तर अजून थांबा.

थांबणं म्हणजे मात्र हात झटकणं नव्हे. अखंड नर पाळायचा तर फाटकाची कडी रोज तपासावी लागते, पावसाळ्यानंतरचे दोन-तीन महिने पट्टा सोडता येत नाही, महिन्याला वृषण चाचपावे लागतात, पाचव्या वर्षानंतर दर वर्षी प्रोस्टेटची तपासणी करावी लागते, आणि प्रवासाला जाताना अखंड नर ठेवून घेणारं बोर्डिंग शोधावं लागतं. हे घरात निभणार असेल, तर ऑपरेशन न करण्यात काही गैर नाही. निभणार नसेल, तर योग्य वय होताच ऑपरेशन करणं हेच त्या घरासाठी आणि त्या कुत्र्यासाठी बरोबर उत्तर आहे.